पोथ्यांच्या फडताळातलं खारं पाणी

माझी आत्या सरला लघाटे झाशीत रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं ट्रेसर होती. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि तो शाईने हुबेहूब गिरवायचा, हे तिचं काम. मूळची रेघ वाकडी असेल तर तीही तितकीच वाकडी गिरवायची. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मापात बसणारा मिळाला नाही."

आमचा मूळ पुरुष पेशवाईत इथे पूजा सांगायला आला. त्यानंतर अडीचशे वर्षं घराण्याने पूजाच सांगितल्या; दुसरं काही सुचलं नाही. माझे बाबा, दत्तात्रेय, म्हणजे आत्याचे दादा, अजून सांगतात. शहरातली उरलीसुरली मराठी घरं त्यांचे यजमान. पूजेनंतरची कथा ते आता अर्धी हिंदीत सांगतात, कारण यजमानांची मुलं मराठी ऐकून नुसती मान हलवतात.

आत्या रिटायर झाल्यावर बबीन्याच्या छावणीत एका कर्नलच्या मुलीला चित्रकला शिकवायला जात असे. कर्नलची बदली लेहला झाली. त्यांच्याकडे तीन फुटी काचेची पेटी होती, समुद्राच्या पाण्याची, आणि आत दोन नारिंगी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे. हे सगळं लेहला नेणं शक्य नव्हतं. "सरलाजी, आप रख लीजिए," कर्नलबाई म्हणाल्या, आणि आत्याने ठेवून घेतलं. समुद्र तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, रेल्वेच्या पासवर, मुंबईत. परत येऊन एवढंच म्हणाली होती, "फार पसारा आहे."

पेटी बैठकीतल्या सागवानी फडताळावर बसली. फडताळात बाबांच्या पोथ्या, शंख, पंचांगं. वर समुद्र, खाली धर्म, अशी महिनाभर शांतता होती. मग पाणी तपकिरी झालं, काचेला शेवाळ धरलं, आणि मासे एका कोपऱ्यात रुसून बसले.

आत्याने माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तीन आठवडे अभ्यास केला. त्यातून कळलं की जाणकार लोक पेटीच्या खाली दुसरी लहान टाकी ठेवतात. वरचं पाणी पाइपातून तिच्यात पडतं, साफ होतं आणि पंपाने पुन्हा वर जातं. या टाकीच्या एका कप्प्यात दिव्याखाली समुद्री शेवाळ मुद्दाम वाढवायचं. ते पाण्यातली घाण खातं, आणि त्यात बारीक जीव निर्धास्त वाढतात, कारण तिथे त्यांना खाणारं कोणी नसतं. या कप्प्याला रेफ्युजियम म्हणतात. आत्याने त्याचं नाव धर्मशाळा ठेवलं.

"माझ्या पोथ्यांच्या शेजारी किडे राहणार?" बाबांनी विचारलं.

"पोथ्यांत आहेतच की, दादा. कसर किती वर्षांची आहे ते बघ एकदा."

बाबांनी फडताळाची उजवी बाजू दिली. फ्रीजरचा एक कोपरा आधीच गेला होता. तिथे माशांसाठी गोठवलेली कोळंबी असे, आणि डब्यावर आत्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'माशांचा नैवेद्य'. अडीचशे वर्षांच्या शाकाहारानंतर आमच्या घरात कोळंबी आली ती नैवेद्य म्हणून.

उजव्या बाजूची आतली रुंदी बावीस इंच, खोली तेरा. नेटवरचे सगळे नमुने बंगल्यांसाठी होते. आत्याने जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडला आणि अकरा नकाशे काढले. वीस इंच लांब, बारा रुंद, चौदा उंच अशी टाकी, तिच्यात काचेच्या आडभिंती घालून तीन कप्पे: पहिल्यात पाणी पडणार, मधली धर्मशाळा, शेवटी पंप. लाइट गेली की पंप थांबणार आणि वरचं थोडं पाणी खाली उतरणार. ते किती, हेही तिने काढलं. नऊ लिटर. तेवढी जागा टाकीत नेहमी मोकळी हवी, म्हणून साडेनऊ इंचांवर लाल रेघ. नकाशाच्या कोपऱ्यात रेखांकन, ट्रेसिंग, तपासणी, मंजुरी असे चार चौकोन होते. आयुष्यभर तिची सही फक्त दुसऱ्यात झाली होती. या वेळी तिने चारही चौकोन स्वतःच भरले आणि मंजुरीची सही जरा मोठी केली.

काच कापणारा हल्केभैया नकाशा बराच वेळ बघत राहिला. "जिज्जी, इत्ती-सी टंकी में तीन कमरा? हमाए घरे तो दोई हैं."

पण टाकी त्याने चोख चिकटवली. दोन महिन्यांत वरचं पाणी असं निवळलं की पेटी रिकामी वाटायची. मासे कोपरा सोडून फिरू लागले.

श्रावणात आत्या एका बारशाला बरुआसागरला गेली आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी परतली. तासाभरात लाइट गेली. बाबा बैठकीत धोतर नेसत उभे होते. पायाला गार लागलं म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर फडताळाच्या दारातून पाणी येत होतं. दार उघडेपर्यंत खालच्या फळीवरच्या तीन पोथ्या भिजल्या. कथेतलं जहाज बुडतं तेच पान सगळ्यात जास्त भिजलं.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आत्याने फरशी पुसली, पोथ्या दोरीवर पानपान वाळत घातल्या आणि नकाशा काढून बसली. दोन दिवस ती आकडे तपासत होती. नऊ लिटर पुन्हा नऊ लिटरच येत होते. "एकतीस वर्षं लोकांच्या चुका गिरवल्या," ती मला म्हणाली, "स्वतःची पहिली केली ती सापडतसुद्धा नाही." जेवण तिने अर्धवट टाकलं. मंजुरीच्या सहीवर तिने पट्टी ठेवली होती, ती दिसू नये म्हणून. हे बघवत नव्हतं. बाबांनाही बघवत नसावं, कारण ते सारखे बैठकीत येत आणि काहीतरी विसरल्यासारखे परत जात.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पाण्यातलं मीठ मोजलं. मग पुन्हा मोजलं. चहा घेऊन बाबांसमोर बसली.

"दादा, पाणी आटलं की मीठ वाढतं. इथे कमी झालंय. गोडं पाणी कुठून आलं?"

बाबांनी चहा बशीत ओतला. "तू नव्हतीस. खालच्या टाकीत पाणी कमी दिसलं. मासे तहानलेले वाटले."

"म्हणून?"

"लोटाभर घातलं."

"लोटाभर?"

"बादलीभर," बाबा म्हणाले. "मशीनचंच, पिण्याचं. आणि थोडं गंगाजळ."

आत्याने कप खाली ठेवला. मला वाटलं आता भांडण होणार. पण ती हसायला लागली, इतकी की चष्मा काढावा लागला. नकाशा बरोबर होता, हे तिला बाकी कशाहूनही मोठं होतं. "पोथ्या भिजल्या तुझ्या," ती म्हणाली, "आणि तू दोन दिवस माझी चूक आहे असं समजू दिलंस."

"चूक नाही म्हटलं मी," बाबा म्हणाले. "गप्प बसलो फक्त."

पोथ्या वाळल्यावर बाबांनी फडताळातलं सगळंच आपणहून माळ्यावर नेलं. फडताळाची डावी बाजू मोकळी झाली, आणि आत्याने तिच्यात एक जादा टाकी बसवली, घरात कोणी बादली घेऊन आलं तर ओसंडणारं पाणी जायला. नकाशात तिचं नाव 'दादासाठी' असं आहे.

आता जेवण झालं की बाबा भिंग घेऊन धर्मशाळेसमोर बसतात. शेवाळातले तांदळाच्या कणीएवढे जीव पिल्लं घालतात, त्यांची बाबा मोजदाद करतात, आणि यजमानांच्या घरी पूजा आटोपल्यावर त्यांचं वर्णनही सांगतात. उन्हाळ्यात शेहेचाळीस डिग्रीला पाणी तापू नये म्हणून आत्या फडताळाचं दार उघडून खालच्या टाकीवर टेबलपंखा सोडते. त्या वाऱ्यात चटई टाकून बाबा दुपारचे झोपतात, आणि वाऱ्याला मासळीचा वास येत नाही असं जानव्याला हात लावून सांगतात.