मुलतानी मातीची पाटी

सून काल चेहऱ्याला लावायला मुलतानी माती भिजवत होती. तो ओला वास आला आणि मी थेट भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत पोचले, संपाच्या दिवसांत.

शेजारचे रहीमचाचा बाबांबरोबर गिरणीत विणकाम खात्यात होते. संपात हात रिकामे, म्हणून गॅलरीत बसवून मला उर्दू शिकवायचे. लाकडी पाटीला मुलतानी माती सारवायची, वाळली की पहिली ओळ चाचांनी बोरूने लिहायची आणि तिच्याखाली मी गिरवायचं, उजवीकडून डावीकडे. पहिली ओळ नेहमी शिकवणाऱ्याची. धडा संपला की पाटी धुवायची.

त्या संध्याकाळी त्यांनी फक्त माझं नाव लिहिलं, सुमन. शेवटच्या अक्षराची वाटी इतकी रेखीव, की मला गिरवायचा धीरच होईना.

“चाचा, आज नको ना धुवायला. बाबांना दाखवते.”

“नहीं बेटी, धो डालो. कल नया सबक लिखेंगे.” बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी नळाखाली पाटी धरली. माझं नाव काळ्या पाण्याबरोबर मोरीत गेलं.

उद्या म्हणे! सकाळी त्यांच्या खोलीला कुलूप होतं. चाचा कायमचे मुलुखाला गेले होते. आमच्या दाराशी पाटी उभी होती, नव्या मातीने सारवलेली, वाळलेली.

उर्दू मी आजही वाचते, लिहिते. त्या पाटीवर मात्र नाही. तिच्यावरची पहिली ओळ चाचांनी लिहायची आहे.