भैरवीनंतरचा भूप

मला बाबांना फक्त एक मींड ऐकवायची होती. बाकीचा कार्यक्रम कसा का होईना.

बाबा राळेगावकडे आमच्या गावात भजनी मंडळात पेटी वाजवतात. मलाही पेटी त्यांनीच शिकवली. कॉलेजसाठी यवतमाळला आलो आणि इथल्या हौशी वाद्यवृंदात व्हायोलिन शिकायला लागलो, तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त एकदा तुरीच्या शेंगा तोडता तोडता म्हणाले, "पेटीत काय कमी होतं रे?"

पेटीवर एक सूर सोडून दुसरा धरावा लागतो. व्हायोलिनवर पंचमावरून गंधारावर बोट घसरवत आणता येतं, मधली सगळी वाट वाजते. तिलाच मींड म्हणतात. पण घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काही समजावून सांगायला लागलो की मलाच माझा आवाज परका वाटतो. म्हटलं, वाजवूनच दाखवावं.

आमच्या वाद्यवृंदात बँकेतून निवृत्त झालेले एक काका तबल्यावर, शाळेतल्या एक बाई सतारीवर, आणि आम्ही काही विद्यार्थी. रागही सगळ्यांच्या ओळखीचे: यमन, दुर्गा, भूप आणि शेवटी भैरवी. भूपाच्या बंदिशीआधीचा आलाप वाद्यवृंद बसवणाऱ्या सरांनी मला एकट्याला दिला. मी लगेच घरी फोन केला.

"येतो ना," बाबा म्हणाले. "पन शेवटची गाडी सापडली पाहिजे."

"माझं भैरवीच्या आधी आहे, बाबा. भैरवी झाली की निघा तुम्ही."

"ते काय सांगा लागते?" ते हसले.

ते मोठ्या काकांना घेऊन आले आणि मागच्या रांगेत बसले. यमन सुरू झाला तसे मोठे काका समेवर जोरात टाळी द्यायला लागले. पुढची माणसं वळून पाहू लागली. बाबांनी त्यांचा हात धरून मांडीवर ठेवला. मला स्टेजवर हसू आलं, जरा धीरही आला.

दुर्गा संपला आणि प्रमुख पाहुण्यांना कुणाचा तरी फोन आला. त्यांनी सरांना खुणेनं बोलावलं. सर आमच्याकडे येऊन हळूच म्हणाले, "त्यांना निघायचंय. भैरवी ऐकूनच जातो म्हणतात. आधी भैरवी घेऊन टाकू."

तबलेवाले काका म्हणाले, "आणि मग भैरवीनंतर काय वाजवता, सर? राष्ट्रगीत?"

"अहो, हॉल त्यांच्यामुळे मिळाला आपल्याला."

"सर, माझा भूप..." मी म्हणालो.

"आहे ना तुझा. नंतर निवांत वाजव."

तबलेवाल्या काकांनी तबला लावायची हातोडी खाली ठेवली. मी व्हायोलिनचा गज उचलला. दुसरं काय करणार? भैरवी वाजवताना मी बाबांकडेच बघत होतो. त्यांचे डोळे मिटलेले होते. भैरवी संपली आणि भजन संपल्यावर जोडतात तसे त्यांनी हात जोडले. मग ते उठले. ते एकटेच नव्हते, अर्धा हॉल उठला होता. त्यातच निवेदिकेनं पाहुण्यांचे आभार मानायला घेतले, शाल आली, नारळ आला. सर मागून "कार्यक्रम आहे अजून, बसा, बसा" म्हणत होते, पण माईक निवेदिकेच्या हातात होता.

मी गज वर करून हलवला. बाबांना तो दिसला. त्यांनी हसून हात वर केला, तसाच हलवला आणि मोठ्या काकांना पुढे घालून दाराबाहेर गेले.

मी भूप वाजवला. ती मींड तालमीत कधी आली नव्हती इतकी सरळ आली. राहिलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

वाद्यवृंदाची व्हायोलिनं सरांच्या गाडीत ठेवून झाली, तेव्हा बाबांचा फोन आला. गाडी वाटेतलं कळंब सोडून पुढे निघाली होती.

"चांगलं वाजलं रे सगळ्यायचं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुयं एकट्याचं काढून टाकलं का त्याइनं? मी कोनाले विचारलं नाई. म्हटलं, पोराले उगाच वाईट वाटन."

"काढलं नव्हतं, बाबा. झालं. भैरवीनंतर झालं."

"भैरवीनंतर?" त्यांना खरंच कळेना. "भैरवीनंतर कोन वाजवते रे?"

त्यांचं बरोबर होतं. मीच सांगितलं होतं तसे ते निघाले होते.

"कसं होतं मंग तुयं?" त्यांनी विचारलं.

आजूबाजूला मुलं खुर्च्या रचत होती. मी भिंतीकडे तोंड केलं, फोन ओठांशी धरला आणि पंचमावरून गंधारावर गळ्यानंच हळूहळू उतरलो. गळा काही व्हायोलिन नाही, तरी जमेल तेवढं उतरलो.

"काय म्हनतं?" पलीकडून गाडीची खडखड आणि बाबांचा मोठा आवाज. "तुटून तुटून येऊन राह्यलं, बाळा. एक सूर येते, मंग गायब, मंग दुसरा येते. पुन्हा म्हन."

मी पुन्हा म्हटलं.