घटीची ओळ

अक्षर वाईट आहे. चौथीनंतर पेन धरला तो फक्त सही करायला. लिहिण्यात चुका असतील, माफी असावी. खाडाखोडही तशीच ठेवते. नव्या कागदावर नीट उतरवून काढावं असं मनात आलं होतं. पण नव्यानं उतरवताना काय काय गळून जातं, ते मी पाहिलंय.

"ओटी सोडा," तो म्हणाला.

जुन्या जालन्यातली डाळीची वखार. संध्याकाळ. काट्यापुढं आम्ही निवडणाऱ्या बाया रांगेत. मागं हमाल. बोलणारा शेठचा भाचा, माझ्याहून लहान, पुण्यात कॉम्प्युटरचं शिकून आलेला. त्याच्या पडद्यावर माझ्या नावापुढं लाल आकडा आला होता. सकाळी दिलेल्या कट्ट्यापेक्षा, म्हणजे पोत्यापेक्षा, डाळ अन् कचरा मिळून वजन कमी भरलं, म्हणून.

मी पदर घट्ट धरला.

"ऐकू येत नाही का? कमरेला काय बांधलंय? सोडा."

सोडली. डाळ पडली नाही. मिश्रीची डबी पडली. अन् घडी केलेलं जुनं फडकं. माझी पाळी चालू होती.

त्यानं ते बुटाच्या टोकानं सरकवलं. "हे काय?"

"साहेब, त्यात डाळ नसती ठेवत," एक हमाल म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

मी वाकून फडकं उचललं. मला मोठ्यानं बोलता येत नाही. वखारीत मला मुकीच म्हणतात. रोजातून पैसे कापले. मी सही केली.

आता घट म्हणजे काय ते सांगते. डाळ सुपात घेऊन पाखडली की भुसा, धूळ उडून जाते. उन्हात पसरली की वाळते. सकाळचा कट्टा संध्याकाळी थोडा हलका भरतोच. त्याला घट म्हणतात. वखारीत जन्म काढलेल्या कुत्र्यालाही हे कळतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक कट्ट्यामागं थोडी घट सोडलेली होती.

भाचा आला तेव्हा त्यानं तो जुना प्रोग्रॅम उघडला अन् नाक मुरडलं. आमची बसायची जागा ऑफिसच्या दाराशी, सगळं ऐकू यायचं. "मामा, हा कचरा आहे. वीस जणांनी ठिगळं लावलीत. दुरुस्त करण्यात अर्थ नाही. मी सगळं नव्यानं लिहितो." शेठ खूश.

काही दिवसांनी तो हसत म्हणाला, "मामा, तुमच्या मुनीमजींनी चोरीला भोक ठेवलं होतं. कट्टा कमी भरला तरी गप्प बसायचं, अशी एक ओळ आहे. का, ते कुठंच लिहिलेलं नाही. काढून टाकली."

मुनीमजी तिथंच उभे होते. ती ओळ त्यांनीच घालून घेतली होती. शेठचे वडील असताना याच घटीवरून बायांनी काम बंद करून सुपं खाली ठेवली होती, तेव्हा. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण चोराचा साथीदार म्हटल्यावर त्यांनी तोंड मिटलं. मी त्यांच्याकडं पाहिलं तर म्हणाले, "गप राह्य बाई. मशीन बोलून राह्यली, तिथं आपलं कोण ऐकतं?"

बाया बोलल्या होत्या. नवा प्रोग्रॅम सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी. "साहेब, घट धरा की." तो म्हणाला, "नव्या प्रोग्रॅममध्ये चूक होत नाही. चूक माणसात असते."

सगळ्यांत जास्त लाल आकडा गयामावशीचा यायचा. तिनंच मला सूप धरायला शिकवलं. तिची डाळ सगळ्यांत स्वच्छ. जी जास्त पाखडते तिची धूळ जास्त उडते. म्हणजे जी चांगलं काम करते ती मोठी चोर. तिचीही ओटी सोडायला लावली. पांढऱ्या केसांची बाई. दुसऱ्या दिवशी तिला काढलं. ती लेकीकडं धावड्याला निघून गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, "पोरी, पाखडू नको लई."

अन् मी खरंच कमी पाखडू लागले. खडे राहू दिले. आकडा थोडा उतरला. याची मला फडक्यापेक्षा जास्त लाज वाटते.

मग एका दुपारी शेठचा फोन वाजला. परतूरचा व्यापारी. आमच्या इथून गेलेला माल त्याच्या काट्यावर कमी भरला होता. शेठ ओरडले, "अरे बाबा, वाळून घटतोच ना माल! घट धरत न्हाई का तुम्ही? आमाला काय चोर समजता?"

माझ्या हातातलं सूप थांबलं.

त्याच संध्याकाळी पुन्हा लाल आकडा. भाचा म्हणाला, "ओटी."

"न्हाई सोडत."

"काय?"

मी सूप खाली ठेवलं. त्याच्याकडं पाहिलंच नाही. शेठकडं पाहिलं. "शेठ, तुमचा माल कमी भरला तर घट. आमचा भरला तर चोरी. असं का?"

कुणी हसलं नाही. माझ्या मागच्या बाईनं सूप खाली ठेवलं. मग तिच्या मागचीनं. मुनीमजी हळूच म्हणाले, "शेठ, ती ओळ मोठ्या शेठनीच घालायला लावली व्हती." आता बोलले. सुपं खाली आल्यावर.

भाच्यानं ओळ परत घातली. मामाला इंग्रजीत काही समजावलं अन् आमच्याकडं वळून म्हणाला, "छोटी चूक होती. होतं असं."

शेठनं कापलेले पैसे पुढं केले. मी हात मागं घेतला. "आधी गयामावशीचे. यानं धावड्याला जाऊन तिच्या हातात द्यायचे. अन् चोर न्हाई म्हणून तिच्या गल्लीत सांगायचं."

"लईच बोलायला लागली ही मुकी," शेठ म्हणाले.

मी सूप उचललं नाही. कुणीच उचललं नाही.

भाचा गेला. पैसे दिले. गल्लीत काही बोलला नाही, दारातूनच फिरला. मावशीच्या लेकीनं फोनवर सांगितलं. मावशी वखारीत परत आली नाही.

त्याच्या तोंडून 'चोर न्हाई' हे शब्द निघेपर्यंत मी रोज काट्यापुढं सगळ्यांदेखत त्याला विचारते, "साहेब, धावड्याला परत कधी जाता?" तो पडद्यात बघतो. मी रोज विचारणार आहे. आणि आता पाखडायचं कमी करणार नाही.

माझे पैसे मुनीमजींनी दिले. पूर्ण होते. मी ते ओटीत बांधले, वरून गाठ मारली. ती आता कुणाच्या सांगण्यावरून सुटणार नाही.