लडाखच्या वजनाची आत्या

मी एकट्यानं सायकलवर लडाखला जाणार होतो, आणि त्यासाठी आत्याचं वजन करणं गरजेचं होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी दौंडला राहायचो, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करायचो आणि फावल्या वेळात मनालीहून लेहला जायचो. (नकाशावर.) त्या नकाशात गावं इतकी विरळ, की दोन नावांच्या मधे माझा अख्खा तळहात मावायचा. तिथं झाड नाही, घर नाही, आणि दुपारनंतर सुटणारा वारा माणसाला उभं राहू देत नाही, असं वाचलं होतं. वाचताना अंगावर काटा यायचा, आणि जावंसंही वाटायचं. दोन वर्षं मी नुसत्या याद्या केल्या. तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, जादा टायर. शेवटी सगळं सामान भुसार दुकानातल्या काट्यावर चढवलं, ते अठ्ठेचाळीस किलो भरलं.

वडील रेल्वेत गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांच्या होकाराशिवाय आमच्या घरातून मांजरही बाहेर पडत नसे. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

"ट्रायल घेतल्याबिगर इंजिन यार्डाभाईर सोडत न्हाईत," ते म्हणाले. "एवढंच वजन घिऊन शिरूर गाठून दाखव, मग खुशाल जा. न्हाई जमलं, तर ह्यो नकाशा बंबात."

वजन म्हणून आधी ज्वारीचं पोतं ठरलं होतं. पण वाटेत पोतं फाटलं तर खायचं काय, म्हणून आईनं साफ नकार दिला. नेमकी त्याच वेळी वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, माहेरपण आटोपून शिरूरला सासरी परतायच्या तयारीत होती. सगळ्यांची नजर एकदमच तिच्याकडे वळली. काट्यावर ती एकोणपन्नास भरली. चपला काढल्यावर बरोबर अठ्ठेचाळीस! आईला हा देवाचा कौलच वाटला. (चपला मग आम्ही हँडललाच अडकवल्या.)

आषाढातल्या एका सकाळी साठीची आत्या कॅरिअरवरच्या गोधडीवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली. मांडीवर भाकरीचं गाठोडं, हातात छत्री. वडिलांनी फाटकात उभं राहून जपून ठेवलेला हिरवा बावटा दाखवला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या, आणि मला खरोखरच लडाखला निघाल्यासारखं वाटलं.

पाटस सोडलं आणि वारा समोरून आला. धूळ डोळ्यांत जाते म्हणून आत्यानं छत्री उघडली. मी जीव खाऊन पायडल मारत होतो आणि छत्री आम्हाला परत दौंडला नेऊ बघत होती. मी विनवणी केल्यावर तिनं ती मिटली, पण मग आधारासाठी माझा शर्ट दोन्ही मुठींनी धरला. म्हणजे पुढून वारा लोटत होता आणि मागून आत्या ओढत होती.

चौफुल्याला उजवीकडे वळलो, भीमेचा पूल ओलांडला. नदीकाठच्या उसानं वारा अडवून धरला होता. ऊस संपला, न्हावऱ्याच्या अलीकडचा माळ लागला, आणि वारा डावीकडून असा आदळला की विचारू नका. चुकून उघडलेली छत्री उडाली. आत्या टुणकन खाली उतरली. मी सायकलसकट बाभळीत गेलो, आणि उठायला बघतो तर पोटरीत गोळा.

आत्या छत्रीमागं धावली नाही. माझ्याकडंही आली नाही. ती नुसती उभी राहून बघत होती. माळावरचं सगळं गवत एकाच अंगाला लवत होतं, ढगांच्या सावल्या त्यावरून पळत होत्या, आणि वर आभाळ तर कुठं संपतच नव्हतं. मीही पडल्या पडल्या बघत राहिलो. या रस्त्यानं मी एसटीत पेंगत कितीदा गेलो असेन. एवढं अफाट काही आपल्या तालुक्याशेजारी पडलंय, याचा मला पत्ताच नव्हता.

"जल्म गेला ह्या रानात," आत्या हळूच म्हणाली, "खुरप्यावरनं मान वर केलीच न्हाई कवा. तुझ्या लडाखात असंच हाय व्हय?"

"याहून मोठं, आत्या."

मग तिनं हँडलवरच्या चपला पायात घातल्या, पदर खोचला आणि मला सीटवर बस म्हणाली. चढ आला की ती मागून ढकलायची, उतार आला की पळत येऊन कॅरिअरवर बसायची. हँडल धरणं, एवढंच माझ्याकडं काम उरलं होतं. एक टेम्पोवाला कीव येऊन थांबला, तर आत्यानं त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं. तिला तो वारा सोडवत नव्हता. मी घाबरून मागं वळून बघायचो, तर ती हसत असायची.

शिरूर आलं तेव्हा उन्हं कलली होती. आत्या मला धरून सरळ एसटीडी बूथमधे घेऊन गेली. दौंडला आमच्या शेजाऱ्यांच्या फोनपाशी वडील दुपारपासून बसूनच होते.

"पोचले, बापू," आत्या म्हणाली. "पोराला बी आणलंय संगं."

पलीकडून वडिलांनी तिथल्या तिथं लडाखची परवानगी देऊन टाकली. आत्याला!