वहिनी आहेत ना सामानापाशी

आमच्या घरात ही गोष्ट बॅगांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. भावाचे जुने मित्र कॅशियर ती रंगवून सांगतात आणि ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळते. मला त्यांच्यासारखे सांगता येत नाही. चार लोकांत मी सहसा तोंडही उघडत नाही. पण ती गोष्ट मला बॅगांची वाटत नाही, वहिनींची वाटते. म्हणून जमेल तशी लिहून ठेवतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, समोर बोर्ड, कानाला हेडफोन आणि दिवसभर याला त्याच्याशी जोडून द्यायचे. त्या कामाचा एक नियम होता. बदलीचे माणूस शेजारी येऊन बसल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. हा नियम वहिनींच्या हाडीमासी खिळला होता. एकदा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आग लागली. धूर जिन्याखाली शिरला, लोक वाट फुटेल तिकडे पळाले. वहिनी ओला रुमाल तोंडाला बांधून बोर्डापुढे बसून राहिल्या आणि एकेका वॉर्डाला फोन लावून रोगी कुठल्या दाराने बाहेर काढायचे ते सांगत राहिल्या. पुढे कुणी कौतुक केले की म्हणत, "बदली आली नव्हती. मी उठणार कशी?"

घरातही तेच. लग्नकार्य असो, स्टेशन असो, कुणाचे ऑपरेशन असो, सामानापाशी बसायला वहिनी. त्यांना सांगावेसुद्धा लागत नसे. पिशव्या आपोआप त्यांच्या पायांशी गोळा होत आणि बाकीचे मोकळ्या हातांनी हिंडायला जात. दादा म्हणे, तिला बघायची-फिरायची हौसच नाही. वहिनींनी ते कधी खोडून काढले नाही, त्यामुळे आम्ही ते खरे धरून चाललो.

त्यांची मुलगी, माझी पुतणी, परदेशातल्या एका नावाजलेल्या शहरात नोकरी करते. तिने आग्रह करकरून आम्हांला बोलावून घेतले. दादा, वहिनी, मी, माझी बायको आणि दादाचे शाळेपासूनचे मित्र कॅशियर. बँक सोडून त्यांना बरीच वर्षे झाली, पण आमच्यात त्यांना दुसरे नाव नाही.

त्या शहराच्या मोठ्या चौकात एक जुनी घुमटाची इमारत आहे. घुमटाभोवतीच्या सज्जातून सगळे शहर दिसते, म्हणून जगभरचे लोक तिथे रांगा लावतात. पुतणीने आम्हां सगळ्यांची तिकिटे आधीच काढली होती आणि आत शिरायची वेळ त्यांवर छापलेली होती. आम्ही जवळच्या दुसऱ्या गावी मुक्काम करून त्याच सकाळी गाडीने परतलो होतो. स्टेशनातले लॉकर भरलेले, आणि बॅगा त्या इमारतीत नेऊ देत नाहीत. पुतणी म्हणाली, दोन पाळ्या करू, आधी मी थांबते. दादा म्हणाला, उगीच कशाला वेळ घालवायचा, तुझी आई आहे ना सामानापाशी.

"वहिनी म्हणजे चालताबोलता लॉकर," कॅशियर म्हणाले. "किल्लीसुद्धा लागत नाही."

आम्ही हसलो. वहिनीही हसल्या. अंगातला मोरपंखी स्वेटर सारखा करत चौकातल्या एका बाकावर बसून त्यांनी बॅगा पायांशी ओढून घेतल्या. पुतणीने रागारागाने त्यांचे तिकीट त्यांच्या हातात कोंबले आणि ती आमच्यामागून आली.

चढायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा, दोन्ही अरुंद आणि गोल गोल. वर फोटो काढून झाले, वारा खाऊन झाला. उतरल्यावर आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो आणि वळसा घालून चौकात आलो.

चौक रिकामा होता.

मघाशी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे नुसती कबुतरे. चारी बाजूंना लाल-पांढरी पट्टी बांधलेली, पट्टीमागे माणसांची भिंत, आणि पोलीस ती आणखी मागे रेटत होते. कोपऱ्यात रुग्णवाहिका उभी. मधोमध तो बाक, बाकापाशी आमच्या बॅगा. वहिनी नव्हत्या.

"सामान टाकून गेली कुठं ही?" दादा पहिल्यांदा एवढेच बोलला, आणि ते चिडून. मग त्याचा आवाज बदलला. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "ती सामान टाकून जायची नाही रे."

आगीतही खुर्ची न सोडणारी बाई. ती आपण होऊन उठली नाही, म्हणजे तिला काहीतरी झाले. चक्कर आली, कुणी ओढून नेले, की त्या रुग्णवाहिकेत आहे. हे सगळे एकदमच माझ्या मनात आले. दादा पट्टीखालून वाकून आत निघाला. एका पोलिसाने छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकलले. माझ्या भावाला कुणी असे ढकललेले मी जन्मात पाहिले नव्हते.

पुतणीने कुणाला काही न विचारता आईला फोन लावला. आणि बाकापाशी बॅग वाजू लागली.

रिकाम्या चौकात ती घंटी भलतीच मोठी ऐकू आली. मग पोलीस ओरडू लागले, माणसे एकमेकांना ढकलत मागे पळाली, माझी बायको पडता पडता वाचली. काय झाले ते पुतणीच्या ध्यानात येईपर्यंत घंटी वाजतच होती. तिने फोन बंद केला आणि दोन्ही हात वर करून ती पोलिसांकडे गेली.

त्यांचा अधिकारी आला. पुतणी त्यांच्या भाषेत सांगत होती की बॅगा आमच्या आहेत, फोन मी केला, माझी आई सापडत नाही. त्याने विचारले, बॅगांत काय आहे. पुतणीने आमच्याकडे पाहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. बॅगा सगळ्या वहिनींनी भरलेल्या. दादा म्हणाला, माझे कपडे असतील. कॅशियर म्हणाले, औषधं असावीत. मला तर माझी बॅग निळी की काळी हेही आठवेना. ते 'असतील' आणि 'असावीत' पुतणीने कसे सांगितले देव जाणे, पण अधिकाऱ्याची नजर बदलली. त्याने आम्हांला एका बाजूला उभे केले आणि इमारतीची दारे लावायला लावली. आतली माणसे आत, बाहेरची बाहेर.

जाड गाद्यांसारखे कपडे चढवलेला एक माणूस कुत्रा घेऊन बाकाकडे चालू लागला. पुतणीने हळू आवाजात सांगितले, कुत्र्याला बॉम्बची शंका आली तर बॅगा तिथेच उडवून देतात. बॅगांचे कुणालाच काही वाटत नव्हते. दादा रुग्णवाहिकेकडे टक लावून होता.

माझ्याने त्या माणसाकडे बघवेना, म्हणून मी मान वर केली. सज्जाच्या कठड्याला माणसे लगडली होती आणि सगळी चौकात वाकून बघत होती. एका टोकाला मात्र कुणीतरी एकटेच उभे होते, मोरपंखी स्वेटर घातलेले, तोंड नदीकडे. माझी नजर अधू, स्वतःवर विश्वास बसेना. बायकोचा दंड धरून मी वर दाखवले.

"ताईच आहेत," ती म्हणाली. वहिनींना ती ताई म्हणते.

दादाने वर पाहिले आणि तो फूटपाथवर मटकन बसला. मग जीव जसा भांड्यात पडला तसा राग वर आला. "खाली येऊ दे तिला," तो म्हणाला. हे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि दर वेळी आवाज चढत गेला. एक भीती गेली, तिच्या जागी मला दुसरी वाटू लागली.

कुत्रा बॅगा हुंगून सरळ माघारी आला. मग बॅगा उघडल्या. दादाचे पायजमे, कॅशियरांचे गुडघ्यांचे पट्टे, औषधांच्या पुड्या, खाण्याचे डबे, सगळे त्या चौकात मांडून पाहिले गेले. कॅशियर हल्ली गोष्ट सुरू करतात ती इथून. तेव्हा ते हसले नव्हते.

दारे उघडली. वहिनी आल्या त्या पोलिसाबरोबरच. त्यांनी मांडलेले सामान पाहिले, पट्टी पाहिली, आमची तोंडे पाहिली, आणि चालता चालता थांबल्या. अधिकाऱ्याने पुतणीमार्फत विचारले, सामान कुणाच्या ताब्यात होते आणि ते सोडून का गेलात.

दादा पुढे झाला. पुतणीला म्हणाला, "सांग त्याला, वय झालंय. विसरते ती हल्ली."

सुटायला ती सोपी वाट होती. अधिकारीसुद्धा तेच ऐकायला तयार दिसत होता. पुतणीने तोंड उघडले.

"विसरले नव्हते," वहिनी म्हणाल्या. "मला वर जायचं होतं. तिकिटावरची वेळ संपत आली, तुमचा कुणाचा पत्ता नाही. म्हणून उठले आणि गेले."

"कुणाला सांगून तरी जायचं," दादा म्हणाला.

"कुणाला सांगू? माझ्या बदलीला कधी कुणी आलंय का?"

पुतणी दोघांच्या मध्ये उभी होती. तिने आधी बापाकडे पाहिले, मग आईकडे. मग ती अधिकाऱ्याशी बोलू लागली. मला त्या भाषेचे अक्षर कळत नाही, पण बोलताना तिने बोटाने घुमट दाखवला, तेव्हा कुणाचे उत्तर ती सांगते आहे ते कळले. दादालाही कळले असावे. त्याने मान फिरवली.

अधिकारी बराच वेळ बोलला, आणि गोड नक्कीच बोलला नाही. पुन्हा असे केलेत तर दंड होईल, शेकडो माणसांचा खोळंबा झाला, असे काहीसे. वहिनी सगळे उभ्याने ऐकून घेत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान खाली गेली नाही.

आम्ही ट्राममध्ये बसलो. बॅगा कशाही कोंबलेल्या, कुणाच्या तरी सदऱ्याची बाही चेनमधून बाहेर लोंबत होती. दादा वहिनींच्या शेजारी बसला होता, पण मध्ये वीतभर जागा सोडून. अर्धी वाट गेल्यावर त्याने टोमणा मारला, "एवढं काय ठेवलं होतं वर?"

"तुम्ही जाऊन आलात की," वहिनी म्हणाल्या. "नदीला मध्येच दोन फाटे फुटतात आणि पुढं ते परत एक होतात. मधल्या तुकड्यावर एकच घर आहे. आजूबाजूला काहीच नाही, नुसतं ते घर. दिसलं ना तुम्हांला?"

दादा आठवू लागला. मीही आठवून पाहिले. मला कॅशियरांची पाठ आणि फोटोसाठी हसणारा दादा एवढेच आठवत होते.

दादाचा राग गेला नव्हता. त्याच्या जबड्यावरून मला तो ओळखता येतो. पण थोड्या वेळाने त्याने खिडकीकडे बघत विचारले, "कुठल्या बाजूला?"

वहिनींनी धुरकटलेल्या काचेवर बोटाने नदी काढली. तिचे दोन फाटे काढले. दादा ते बघायला सरकून जवळ बसला.