कवळीमास्तरांनी घासलेली लेन्स

कवळीमास्तरांनी उभ्या आयुष्यात हजारो माणसांना दात दिले, पण त्यांतलं एकही माणूस हसताना पाहिलं नव्हतं. धंदाच तसा. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे डब्यातून यायचे, मास्तर मागच्या खोलीत बसून त्यांवर मेण चढवायचे, दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घासून चकचकीत करायचे आणि तयार कवळी त्याच डब्यातून परत जायची. ती कोणाच्या तोंडात बसली, त्या तोंडाच्या वर नाक कसं होतं, देव जाणे. डब्यावर नुसता नंबर.

पन्नाशीच्या तोंडावर त्यांनी धंदा सोडून चाललेल्या एका फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा घेतला. आपल्याला माणसांचे चेहरे काढायचेत, बाकी काही नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. बायको म्हणाली, "या वयात लोकांना केस काळे करायचं वेड लागतं. तुम्हाला हे लागलं. त्यापेक्षा बरंच म्हणायचं."

पहिला फोटो अर्थातच तिचा. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स भारी इमानदार होती. बायको स्वच्छ, मागचं कपाट स्वच्छ, कपाटावरची सुटकेस स्वच्छ, दोरीवरचे टॉवेल तर सगळ्यांत स्वच्छ. बायकोने फोटो जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "यातली मी कोणती?"

झालं! मास्तरांना कळलं, लेन्स बदलायला पाहिजे. कोणती, हे मात्र कोणीच धड सांगेना. जो तो वेगळं बोलायचा. भाचा म्हणाला लांबचं दिसणारी घ्या, शेजारी म्हणाला कमी उजेडात चालणारी घ्या, आणि मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने जी काढून दाखवली तिची किंमत ऐकून मास्तरांचे स्वतःचे दात शिवशिवले. त्यांचा चेहरा बघून विक्रेत्यालाच दया आली. तो हळूच म्हणाला, "मागच्या गल्लीत वर जा. भिंगकाकांकडे. जुन्या लेन्सा मिळतात."

भिंगकाका म्हणजे सत्तरी ओलांडलेला, बारीक अंगाचा, तिरकस बोलणारा माणूस. जिना चढून गेलं की एकच खोली. खिडकीला लागून कामाचं टेबल, भिंतभर काचेची कपाटं आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेली काकांची मुलगी. ती पावत्या करायची, फोन घ्यायची आणि बापाला वेळेवर गोळ्या द्यायची. जुन्या लेन्सा उघडायच्या, आतली बुरशी काढायची, अडकलेली रिंग मोकळी करायची, हे काका एकटे करायचे.

"तुला चंद्र काढायचाय की बायको?" काकांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"बायको," मास्तर लाजत म्हणाले.

"मग ती तोफ खाली ठेव." मास्तरांनी उचललेली हातभर लांबीची लेन्स काकांनी काढून घेतली. "नवशिके सगळे तिच्याकडेच धावतात. बायको समोर बसलेली असते आणि हे तिला गच्चीवरून बघतात."

काकांची विकायची रीत जगावेगळी. पहिल्या भेटीत ते लेन्स विकायचेच नाहीत. आठ दिवस घरी न्या, वापरा, पटली तर पैसे द्या, नाही तर परत आणा. ना अनामत, ना चिठ्ठी. आणि परत आलेली वस्तू गिऱ्हाइकासमोर तपासायची नाही. "समोर तपासणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं," असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक गेल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ते ती पुसून कपाटात ठेवायचे.

अशी मास्तरांनी आधी पन्नास मिलिमीटरची लेन्स नेली. हलकी, प्लास्टिकच्या अंगाची, स्वस्तातली, पण चेहरा असा उचलून धरायची की मागचे टॉवेल विरघळून जायचे. काका म्हणाले, "हीच घे. शिकणाऱ्याला हिच्यापेक्षा जास्त काही लागत नाही." पण माणसाला बरं चाललेलं बघवतं का? कपाटात वरच्या फळीवर एक जुनी पंच्याऐंशीची होती. धातूची, जड, हाताने फिरवून नजर लावायची. पन्नासची परत द्यायला गेलेल्या मास्तरांचा जीव तिच्यावर गेला. "ने बाबा, तीही ने," काका म्हणाले. "एकदा हौस फिटू दे."

पंच्याऐंशीच्या पुढच्या काचेवर कडेला तिळाएवढा धूसर ठिपका होता. फोटोत तो दिसतही नव्हता. पण मास्तरांची नजर ठरली कवळी घासणाऱ्याची! हिरडीवर एवढासा मळकट ठिपका राहिला तरी त्यांना जेवण जात नसे. तीन दिवस त्यांनी तो ठिपका पाहिला. चौथ्या दिवशी बोटात धरायची छोटी मोटर घेतली, तिच्या टोकाला बोराएवढा लोकरीचा गोळा लावला, कवळ्यांना चमक आणायची पेस्ट त्याला चोपडली, आणि म्हणाले, एक मिनिटाचं काम.

खरंच एक मिनिटाचंच होतं. ठिपका गेला. त्याबरोबर काचेवरचा जांभळट थरही गेला, जो उजेड आवरून धरतो. मधोमध रुपयाएवढा फिकट, ओरखड्यांचा गोल उमटला. त्या लेन्समधून पाहिलं की खिडकी दुधाने धुतल्यासारखी दिसायची. मास्तरांनी पाण्याने पुसलं, फुंकर घातली, मऊ फडकं फिरवलं. गोल काही हलेना.

सांगायला काय झालं होतं? काकांनी चार शिव्या घातल्या असत्या, पैसे भरून घेतले असते, विषय संपला असता. पण तीस वर्षं ज्याच्या हाताला कोणी नाव ठेवलं नाही, त्याच्या जिभेला हे जड गेलं. शनिवारी मास्तरांनी लेन्सला झाकण लावलं, जिना चढले आणि म्हणाले, "छान आहे काका, पण जड पडते." काकांनी झाकणासकट ती टेबलावर ठेवली आणि पन्नासचीच घे म्हणून पुन्हा बजावलं. मास्तर जिना उतरले ते जवळजवळ पळतच.

दहा-बारा दिवस ते तिकडे फिरकले नाहीत. मग मनाने उचल खाल्ली, की काही झालं असतं तर एव्हाना बोभाटा झालाच असता. पैसे घेऊन ते पन्नासची आणायला गेले. पाहतात तर कामाच्या टेबलावर चादर टाकलेली. काका खिडकीकडे पाठ करून बसले होते.

"ये मास्तर," ते म्हणाले. "बरं झालं आलास. तुझी माफी मागायची होती."

मास्तरांना वाटलं, टोमणा आहे. टोमणा नव्हता.

"ती पंच्याऐंशीची मी खराब केली," काका म्हणाले. "पुसताना. एका डॉक्टरीणबाईंनी उजेडात धरली तेव्हा त्यांना दिसलं, मला नाही. हातात वाळू होती की फडक्याला काही लागलं होतं, मला आठवतही नाही. कदाचित तुला दिली तेव्हाच तसं झालेलं असेल. तुझे फोटो पांढरट आले असतील आणि तू भिडेखातर बोलला नाहीस."

मुलीने पुढचं सांगितलं. काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सहा महिन्यांपूर्वी झालं होतं. त्यानंतर दुरुस्त केलेल्या सगळ्या लेन्सा त्यांनी गिऱ्हाइकांना फोन करकरून परत मागवल्या. म्हणाले, माझ्या हाताचा भरवसा नाही. शुक्रवारी एक कारागीर येऊन सगळी हत्यारं घेऊन जाणार होता. "परवापासून भाजीसुद्धा चिरत नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, बोट कापेन."

मास्तर उभे होते तिथे जमीन फाटली असती तर त्यांनी तिचे आभारच मानले असते. सांगून टाकावं म्हणून ते एक पाऊल पुढे सरकले. तेवढ्यात काकांनी पन्नासची लेन्स डबीत घालून त्यांच्या हातात दिली. "निम्मे पैसे दे. तुझं नुकसान झालं, तेवढं माझ्याकडून."

आणि मास्तरांनी ते निम्मेच पैसे दिले. हो, दिले! मेल्याहून मेल्यासारखं झालं तरी हात खिशात गेला, निम्म्या नोटा बाहेर आल्या आणि उरलेल्या खिशातच राहिल्या.

घरी आल्यावर बायको हौसेने खिडकीत बसली. मास्तरांनी फोटो काढला. फोटो असा आला की तिने स्वतःच गालाला हात लावला. "अगं बाई, मी अशी दिसते?" मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं, पेस्टपासून माफीपर्यंत. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आणि तुम्ही सूट घेऊन आलात?"

त्या रात्री जेवण वाढलेलं तसंच राहिलं.

दुसरा दिवस गुरुवार. दुकान उघडायच्या आधीच मास्तर जिन्यात जाऊन बसले. काका आणि मुलगी आल्याबरोबर त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, "काका, ती लेन्स तुम्ही खराब नाही केलीत. मी केली. घरी, मोटरवर घासून."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला. "भला माणूस आहेस रे. म्हाताऱ्याचं मन राखायला आलास."

"मन राखायला नाही हो! खरंच मी..."

"काल का नाही बोललास मग? निम्मे पैसे देऊन गेलास ना? खरं असतं तर घेतली असतीस सूट? तेवढा नीच नाहीस तू. रात्रभर विचार करून काढलेली युक्ती आहे ही."

मुलीने पदराने डोळे पुसले आणि मास्तरांना पाणी आणून दिलं. मास्तर शपथा घेऊ लागले. जितक्या शपथा घ्याव्यात तितके बापलेक जास्तच विरघळत होते. लाज काय असते ते मास्तरांना काल कळलं असं वाटलं होतं. छे! चोरी कबूल करायला जावं आणि लोकांनी साधू म्हणावं, ही त्याच्या वरची पायरी. शेवटी ते पाण्याचा पेला तसाच ठेवून निघाले.

तासाभरात परत आले ते पिशवी घेऊन. पिशवीतून त्यांनी मोटर काढली, टेबलावरची चादर बाजूला सारली आणि वायर भिंतीतल्या बोर्डात खुपसली. लोकरीचा गोळा लावला, पेस्ट चोपडली. मग खिशातून पन्नासची काढली.

"अरे, वेडा झालास का?" काका ओरडले. "तिला काही झालेलं नाही!"

मोटर घुं करून फिरू लागली. मास्तरांनी गोळा काचेवर टेकवला. त्यांच्या बोटांना कामाची सवय होती, ती जराही थरथरली नाहीत. डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं. एक मिनिट झाल्यावर त्यांनी मोटर बंद केली, फडक्याने काच पुसली आणि लेन्स काकांपुढे धरली.

काकांनी कपाटातून पंच्याऐंशीची काढली, दोन्ही लेन्सा घेऊन खिडकीशी गेले, तिरक्या उजेडात धरल्या. तोच मधोमध रुपयाएवढा गोल. तेच एका दिशेने वळलेले बारीक ओरखडे. फडक्याने असे ओरखडे या जन्मात उमटत नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

"शनिवारी आणून दिलीस तेव्हा माहीत होतं तुला?" पाठमोऱ्या काकांनी विचारलं.

"हो."

"काल मी माफी मागत होतो, तेव्हा?"

"हो काका."

काका टेबलाशी आले, दिवा खाली ओढला, खणातला बारीक पेचकस काढला आणि पन्नासच्या लेन्सची पुढची रिंग उघडायला घेतली. राईएवढा स्क्रू चिमट्यात आला. तो त्यांनी उजेडात धरला, आपल्याच बोटांकडे जरा वेळ बघितलं, आणि स्क्रू अलगद वाटीत ठेवला. मग दुसरा. मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. तिने फोन उचलला आणि शुक्रवारी येऊ नका म्हणून त्या कारागिराला सांगितलं.

"मास्तर गेला का गं?" मान वर न करता काकांनी तिला विचारलं.

मास्तर त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते.