हक्कसोडाचं पुस्तक

“म्याडम, हक्कसोडाचं पुस्तक हाय काय?” टेबलावर दोन्ही हात टेकवून पाहुण्यांनी विचारलं.

कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आदल्याच आठवड्यात अध्यक्षांनी आम्हा सगळ्यांना वर्कशॉपला बसवलं होतं. विषय, वाचकांशी कसं वागावं. हसा, नजरेला नजर द्या, मोबाईल बाजूला ठेवा. अध्यक्षांनी त्याचा बोर्ड करून माझ्या डोक्यावर टांगला. वर्कशॉपभर ते स्वतः मागच्या खुर्चीत बसून मोबाईलच बघत होते, पण ते असो. मी हसले.

“कशासाठी पाहिजे, पावणं?”

याला आमच्यात रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात. माणूस मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. ते दोन-चार प्रश्नांत काढून घ्यायचं. इथं फार खोदावं लागलं नाही. वडील वारलेले, आजऱ्याला काजूची बाग. बहिणीनं आपला हिस्सा सोडल्याची सही सोमवारी रजिस्टर ऑफिसात व्हायची होती.

“बहिणीची तयारी आहे?”

“न्हाय कशाला म्हणंल? साडी आणलीय की. भारीतली.”

एका बाजूला बाग, दुसऱ्या बाजूला साडी. आमच्याकडं हा सौदा पिढ्यान् पिढ्या चालतो आणि तो करताना भावांचे डोळेसुद्धा भरून येतात. पण ग्रंथपालानं मत द्यायचं नसतं. कायद्याचं सोपं मराठी पुस्तक काढलं, नमुन्याचं पान दाखवलं. झेरॉक्स घेऊन पाहुणे खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या. “मी मेंबर न्हाय. चालतंय न्हवं?” त्यांना बसवलं. आधी त्यांनी लोणच्यांच्या पुस्तकांची चौकशी केली. खरं विचारायची भीती वाटली की बायका बहुतेक स्वयंपाकघरातनंच सुरुवात करतात. मी थांबले.

“भाऊ सही मागतोय,” त्या शेवटी म्हणाल्या. “आजऱ्याची बाग हाय. सोमवारी बोलावलंय. केलीच पायजे काय?”

बहीण कुणाची ते कळलं. भाऊ काल इथंच येऊन गेला, हे मी सांगितलं नाही. कपाटातनं तेच पुस्तक काढलं. भावाला नमुना हवा होता, हिला हक्क. दोन्ही त्याच पुस्तकात, चार पानांच्या अंतरानं. बाईंनी ओळीखाली बोट धरून वाचलं. मुलीचा वाटा मुलाइतकाच. सोडायचा तर स्वखुशीनं, सक्ती चालत नाही.

“म्हंजे मी न्हाय म्हणू शकते.”

“पुस्तकात तसं आहे. करायचं काय ते तुम्ही ठरवा. कोर्टात मोफत कायदा सल्ला मिळतो, तिथं विचारून घ्या.”

बाईंनी पदरानं डोळे पुसले. मला त्या भावाचा असा राग आला होता की विचारू नका. तोंड आवरलं.

मंगळवारी अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं.

“तिनं सही केली न्हाय. भाऊ माझा पावणा हाय, आख्ख्या हापिसात त्याची शोभा झाली. म्हणती, वाचनालयात वाचलं.”

“वाचनालयात वाचतातच, साहेब.”

“मला सांगायला काय झालतं? इथनं फुडं असलं कोण विचारायला आलं की पयला मला फोन.”

“कोण काय शोधतंय ते तिसऱ्याला सांगायचं नाही, असा नियम आहे आमच्यात.”

“बोर्डावर कुठाय?”

“वर्कशॉपला शेवटी सांगितला. तुम्ही जेवायला गेला होता.”

“मी तिसरा व्हय? अध्यक्ष हाय मी.”

“मग नियम रद्द केल्याचा ठराव मांडा मिटिंगला. कोण काय शोधतंय ते तिथंच सांगते. दिवाळीनंतर तुम्ही दार लावून माझ्याकडनं जे शोधून घेतलंत, तिथनं सुरुवात करू.”

साहेबांनी पंख्याकडं बघितलं. मग शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले. माझ्या कपात साखर किती, हेही विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

“नियम तसा चांगला हाय,” ते म्हणाले.

दुसऱ्याची गोष्ट झाकली तर ती लपवाछपवी आणि स्वतःची झाकली तर अब्रू, एवढाच काय तो फरक. ठराव आला नाही.

बाईंचं नाव आता बागेच्या सात-बाऱ्यावर लागलंय. भाऊ बोलत नाही. त्या मेंबर झाल्या आणि भावानं इथनं नेलेल्या झेरॉक्ससकट ही सगळी कथा त्यांनी स्वतःच भर रीडिंग रूममध्ये मोठ्यानं सांगितली, मी लिहावी म्हणाल्या, म्हणून लिहिली. अध्यक्षांनी मात्र स्वतःची दिवाळीनंतरची गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. त्यामुळं ती मलाही सांगता येत नाही.